उरलेल्या मातीचा इतिहास: गोव्यातील लोहखाणी, डंप आणि धुवणीचा गाळ

गोव्यातील लोहखाणींचा इतिहास आजवर बहुधा निर्यातीच्या टनांत लिहिला गेला आहे. किती जहाजे मुरगाव बंदरातून सुटली, किती परकीय चलन आले आणि किती कुटुंबांची चूल त्यावर पेटली, याच्या नोंदी विपुल आहेत. परंतु एक टन खनिज बाहेर काढताना जी अडीच ते तीन टन माती उपसावी लागते, ती कोठे गेली आणि तिची जबाबदारी कोणाची होती, या प्रश्नाला त्या लिखाणात क्वचितच जागा मिळाली. पेडण्यातील नायबागपासून सांगे तालुक्यातील साळगिणीपर्यंत सुमारे ९५ किलोमीटर लांबीचा जो खनिजपट्टा पसरला आहे, त्यातील गावांना मात्र या उरलेल्या मातीचीच ओळख अधिक आहे. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत डोंगराच्या रांगेत जेथे सपाट माथ्याची, पायऱ्यापायऱ्यांची, लालसर-जांभळी टेकडी दिसते, तेथे ती टेकडी निसर्गाची नसून डंप आहे, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

बोलीत ‘डंप’ आणि ‘गाळ’ या दोन शब्दांत सामावणाऱ्या या मातीचे खाणशास्त्राच्या दृष्टीने तीन वेगळे प्रकार पडतात आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच पुढील अनेक वाद अधिक गुंतागुंतीचे झाले. पहिला प्रकार म्हणजे खनिजाच्या थरावर असलेले जांभा दगड व चिकणमाती यांचे आच्छादन, ज्याला खाणव्यवहारात ओव्हरबर्डन म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे लोहांश कमी असल्यामुळे त्या वेळच्या ग्राहकाने नाकारलेले, पण मुळात खनिजच असलेले द्रव्य. तिसरा प्रकार टेलिंग्जचा, म्हणजे खनिज फोडून व पाण्याने धुऊन त्यातील हवा तो अंश काढून घेतल्यावर पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या अतिसूक्ष्म गाळाचा. पहिले दोन प्रकार कोरडे असतात आणि ढिगाच्या रूपाने रचता येतात. तिसरा ओला असतो, त्यामुळे त्याला बांध घालून तळ्यात साठवावे लागते आणि त्याचा धोका त्यातील पाण्यामुळेच निर्माण होतो.

माती खाणीबाहेर का साठली, याचे उत्तर पोर्तुगीज अमदानीच्या कायद्यात सापडते. १९०६ च्या पोर्तुगीज खाणकायद्यान्वये दिल्या गेलेल्या सवलती, ज्यांना कन्सेशन म्हटले जाई, क्षेत्रफळाने लहान, प्रत्येकी १०० हेक्टरांच्या आतल्या होत्या आणि त्यांच्यावर धारकाला जवळपास कायमचा हक्क मिळत असे. एवढ्या क्षेत्रात खणायचे तर खंदकच बहुतेक जागा व्यापतो; मग वरची माती शेजारच्या उतारावर, कोमुनिदादच्या म्हणजे गावसमाजाच्या मालकीच्या जमिनीवर किंवा विकत घेतलेल्या बागायतीत टाकण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. कुदळ, पाटी आणि बैलगाडी यांवर धंदा चालत होता तोवर या त्रुटीचे परिणाम मर्यादित राहिले. १९४७ मध्ये लोहखनिजाची निर्यात सुरू झाली आणि १९५० च्या दशकात युद्धोत्तर जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढून शिरगावसारख्या ठिकाणी यंत्रे आली, तेव्हा मात्र हाताच्या कामाला बेतलेला जमिनीचा तुकडा आणि यंत्राच्या कामाने उपसली जाणारी माती यांचे प्रमाण पार बिघडले.

त्या आरंभीच्या काळात जपानी ग्राहकाला हवे होते ते उच्च लोहांशाचे, ढेकळांच्या रूपातले खनिज. गोव्याच्या भूगर्भातील साठ्याचा मोठा भाग मात्र भुकटीच्या स्वरूपाचा असल्याने कितीतरी चांगल्या प्रतीची भुकटीही ढिगात फेकली गेली. पुढे भुकटी भाजून तिचे गोळे बांधण्याचे, म्हणजे पेलेटायझेशनचे तंत्र आले, १९६० च्या दशकात पाळे येथे तसा कारखानाही उभा राहिला आणि कालचा टाकाऊ माल आज विकाऊ ठरला. ‘टाकाऊ’ ही भूगर्भशास्त्राची संज्ञा नाही, ती बाजाराची आहे, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. डिचोलीच्या डोंगरातील कोणता दगड खनिज आणि कोणता माती, याची रेषा डिचोलीत कधीच आखली गेली नाही. ती प्रथम जपानमध्ये आणि नंतर चीनमध्ये आखली गेली. ज्या वस्तूचे मोल असे परक्या बाजारावर हेलकावत राहते, तिची निगा राखण्याची जबाबदारी दर पडला की कोणाचीच नसते आणि दर चढला की तिच्यावर हक्क सांगणारे मात्र अनेक निघतात. गोव्याच्या डंपांचे पुढील अर्धशतक या दोन टोकांतच गेले.

धुवणीची गोष्ट याहून नाजूक आहे. यांत्रिकीकरणानंतर हलक्या प्रतीचे खनिज वर आणण्यासाठी ओल्या पद्धतीची शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. त्यांत खनिज फोडून, फिरत्या धुवणीयंत्रातून व चाळण्यांमधून नेऊन, शेवटी सायक्लोन नावाच्या शंकूच्या आकाराच्या नळकांड्यांत पाण्याच्या भोवऱ्याने जड लोहकण हलक्या मातीपासून वेगळे केले जातात. उरलेला गढूळ प्रवाह दोन टेकड्यांमधील घळीत बांध घालून अडवला जाई. गाळ तळाशी बसला की वरचे निवळलेले पाणी पुन्हा धुवणीसाठी वापरले जाई. कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे. परंतु तिचा कस लागतो तो उन्हाळ्यात नव्हे, जूनमध्ये. गोव्यात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, घाटपायथ्याच्या गावांत तो त्याहूनही अधिक असतो. आठ महिने शांत असलेले तळे तेव्हा काही तासांत काठोकाठ भरते, जांभ्याच्या सच्छिद्र मातीचा बांध आतून भिजतो, सांडवा अपुरा असेल तर पाणी बांधावरून उलटते आणि एकदा पाण्याने वाट काढली की मातीचा बांध स्वतःला धरून ठेवू शकत नाही. बांध न फुटतासुद्धा नुकसान होतेच, कारण उघड्या डंपांच्या उतारावरून धुपलेली माती ओढ्याओहोळांतून खालच्या शेतात उतरते. ही माती अत्यंत बारीक असल्याने शेतात तिचा थर वाळून कवडीसारखा कडक होतो, भाताच्या रोपाला श्वास घेऊ देत नाही आणि नांगराला दाद देत नाही.

या नुकसानीवर गावांत जो तोडगा निघाला, त्याला प्रथेचेच रूप आले: खाणमालकाने दरवर्षी गाळ भरलेल्या शेताच्या मालकाला ठरावीक भरपाई द्यायची आणि शेतकऱ्याने ती घ्यायची. दोन्ही बाजूंना हा व्यवहार तात्कालिक सोयीचा होता. पण त्यामुळे बांध भक्कम करण्यापेक्षा भरपाई देणे स्वस्त ठरले आणि शेत पिकवण्यापेक्षा पडीक ठेवणे कमी कटकटीचे ठरले. मांडवीला मिळणाऱ्या खांडेपार नदीवरील ओपा येथून पणजी व फोंडा परिसराला पाणी पुरवले जाते, त्याच नदीच्या पाणलोटात खाणी आहेत, ही बाब लक्षात घेतली म्हणजे प्रश्न केवळ शेताच्या बांधापुरता का राहत नाही ते उमगते.

शेजारच्या कर्नाटकातील कुद्रेमुखशी तुलना येथे उपयोगी पडते. तेथील मॅग्नेटाइट खनिज मुळातच कमी लोहांशाचे असल्याने धुवणीशिवाय प्रकल्पच शक्य नव्हता, म्हणून १९७० च्या दशकात खाणीच्या आराखड्यातच लाक्या ओढ्यावरील सुमारे १०० मीटर उंचीच्या टेलिंग्ज धरणाचा समावेश झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर २००५ अखेर तेथील खाणकाम थांबले, धरण मात्र गाळासह तसेच आहे. गोव्याचे खनिज तुलनेने श्रीमंत निघाले आणि कदाचित म्हणूनच उरलेल्या मातीचा विचार आराखड्यात न होता, प्रत्येक खाणीने आपापल्या सोयीने, जागा मिळेल तशी ती टाकली. गरीब खनिजाने निदान पुढचा विचार करायला भाग पाडले, हा त्यातला विरोधाभास म्हणावा लागेल.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनची मागणी उसळली आणि चित्र पालटले. जपानने नाकारलेले कमी प्रतीचे खनिज चिनी कारखाने घेऊ लागले, जुने डंप पुन्हा उकरले जाऊ लागले, आणि २००९ मध्ये भारतीय खाण ब्युरोने हेमेटाइट खनिजासाठी ४५ टक्के लोहांशाची किमान मर्यादा निश्चित केल्यावर कालच्या मातीपैकी बरीचशी कायद्यानेही खनिज ठरली. २०१०-११ मध्ये गोव्यातून झालेली निर्यात, परराज्यातील माल धरून, ५ कोटी टनांच्या वर गेली. उपशाचे नेहमीचे प्रमाण धरले तर २ कोटी टन खनिजामागेही दरवर्षी ५ ते ६ कोटी टन माती निर्माण होते, हे साधे गणित त्या वर्षांत कोणी मोठ्याने मांडले नाही.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला, राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा आदेश दिला. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवरील २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने जुन्या कन्सेशनांच्या जागी आलेल्या खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपल्याचे ठरवले, वार्षिक उत्पादनावर २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली, कायमस्वरूपी निधी उभारण्यास सांगितले आणि पट्ट्याबाहेर माती टाकण्यास मनाई केली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या दुसऱ्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. बंदी आणि बेरोजगारी यांच्या गदारोळात मातीविषयीचा आदेश तुलनेने झाकोळला गेला, पण इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक मूलगामी आहे, कारण १९०६ पासून चालत आलेली, माती खाणीच्या हद्दीबाहेर गेली की ती खाणीची राहत नाही ही समजूत त्याने प्रथमच नाकारली.

त्याच सुमारास गोव्याच्या लोहखनिजाचा जागतिक प्रतिस्पर्धी असलेल्या ब्राझीलमध्ये या समजुतीची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली. मिनास जेराइस प्रांतातील मारियानाजवळचे फुंडाव धरण ५ नोव्हेंबर २०१५ रोजी फुटून १९ जण दगावले आणि गाळ दोसी नदीतून अटलांटिक महासागरापर्यंत गेला. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्यू येथील धरण कोसळले तेव्हा २७० माणसे मेली, त्यांतील अनेक जण धरणाखालीच बांधलेल्या उपाहारगृहात व कार्यालयांत होते. दोन्ही धरणे अपस्ट्रीम पद्धतीची होती, म्हणजे बांधाची प्रत्येक नवी पायरी आधी साचलेल्या गाळावरच रचलेली होती. ही पद्धत सर्वांत स्वस्त, परंतु आतला गाळ पाण्याने संपृक्त असेल तर तो एका क्षणात द्रवासारखा वाहू लागतो. चिलीने १९६५ च्या भूकंपात एल कोब्रे येथे शेकडो बळी गेल्यावर १९७० मध्येच या पद्धतीला बंदी केली होती, ब्राझीलला त्यासाठी २०१९ उजाडावे लागले. ब्रुमाजिन्यूच्या धरणात २०१६ पासून नवा गाळ सोडला जात नव्हता. खाण थांबली तरी गाळ थांबत नाही, याचा इतका थेट पुरावा दुसरा नसेल.

त्या दुर्घटनेनंतर संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, खाणकंपन्यांची आंतरराष्ट्रीय परिषद आणि जबाबदार गुंतवणूकदारांचा एक मंच यांनी मिळून ऑगस्ट २०२० मध्ये टेलिंग्ज व्यवस्थापनाचे जागतिक मानक जाहीर केले. त्यात १५ तत्त्वे व ७७ अपेक्षा असून, प्रत्येक धरणासाठी कंपनीच्या वरिष्ठ स्तरावरील एका अधिकाऱ्याला व्यक्तिशः उत्तरदायी ठरवावे, बांधाच्या अभियंत्याची नेमणूक नोंदवावी, धरण फुटले तर खाली कोण सापडेल याचा हिशेब आधी मांडावा आणि खाण बंद झाल्यानंतरच्या देखभालीची तरतूद आधीच करावी, अशा बाबी येतात. मानक स्वेच्छेचे आहे, ही त्याची उघड मर्यादा. गोव्यातील तळी ब्राझीलच्या धरणांपेक्षा बरीच लहान असल्याने ते येथे जसेच्या तसे लागू करण्यात अर्थ नाही, हा युक्तिवाद काही अंशी बरोबरही आहे. परंतु विखुरलेल्या लहान बांधांवर देखरेख ठेवणे हे एका प्रचंड धरणावर लक्ष ठेवण्याहून अवघड असते आणि मालकी बदलत गेलेल्या, पट्टा रद्द झालेल्या खाणीच्या बांधाला उत्तरदायी अधिकारी कोठून आणायचा, हा प्रश्न गोव्याचा स्वतःचा आहे.

डंप स्थिर करण्याचे प्रयत्न गोव्यात झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. उतार पायऱ्यांत कापणे, पायथ्याशी दगडी भिंत घालणे आणि वर झाडे लावणे ही पद्धत रूढ झाली, साखळी येथील जुन्या खाणीचे पुनर्वसन तर अनेकदा नमुना म्हणून दाखवले जाते. मात्र लावलेल्या झाडांत ऑस्ट्रेलियन अकेशियाचे प्राबल्य राहिले. ते निकस मातीत झपाट्याने वाढते, पण त्याच्याखाली स्थानिक वनस्पतींना फारसा वाव राहत नाही. महाराष्ट्रात नागपूरजवळच्या गुमगाव येथील मॅंगनीज खाणीच्या ढिगांवर ‘नीरी’ या संस्थेने साखर कारखान्यातील प्रेसमड, शेणखत आणि मुळांशी सहजीवन करणारे जिवाणू व बुरशी वापरून स्थानिक वृक्षांची लागवड यशस्वी केली. तो मार्ग महाग व संथ आहे, पण त्यात मातीला पुन्हा माती बनवण्याचा विचार आहे, केवळ हिरवे आच्छादन घालण्याचा नाही.

२०२२ पासून नव्या पद्धतीने खाणपट्ट्यांचे लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोली पट्ट्यातून उत्पादन पुन्हा सुरू झाले. जुने डंप हाताळून त्यांतील खनिज विकण्याचा मार्गही चर्चेत आहे आणि नवे डोंगर न खणता महसूल मिळवण्याची ही वाट वरकरणी शहाणपणाची दिसते. पण कमी प्रतीचा डंप विकण्याजोगा करायचा तर तो धुवावा लागतो आणि धुतला की त्यातील बराच भाग पुन्हा गाळ होतो. म्हणजे अनेक वर्षे पावसाने दडपून, झाडांच्या मुळांनी बांधून घट्ट झालेला कोरडा ढीग मोडून त्याच्या जागी ओले तळे उभे राहते. गाळातील पाणी दाबाने पिळून काढून तो कोरडा रचण्याचे तंत्र जगात रूढ होत आहे, रिकाम्या खंदकांत गाळ परत भरणे हाही पर्याय आहे. मात्र पहिल्याला गोव्याचा पाऊस आडवा येतो आणि दुसऱ्याला ते खंदकच आडवे येतात, कारण त्यांतील साठलेले पाणी उन्हाळ्यात उपसून नद्यांत सोडले जाते आणि तेच पुढे पिण्याच्या पाण्याच्या योजनांना मिळते.