कूनी, जोन गँझ

(जन्म ३० नोव्हेंबर १९२९). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शैक्षणिक दूरचित्रवाणीची एक आद्य संघटक आणि 'सेसमी स्ट्रीट' या बालकांसाठीच्या कार्यक्रमाची सहसंस्थापक. जन्म ॲरिझोना राज्यातील फीनिक्स येथे. ॲरिझोना विद्यापीठातून १९५१ मध्ये तिने शिक्षणशास्त्राची पदवी घेतली. तथापि अध्यापनाऐवजी फीनिक्समध्ये वार्ताहराचे काम पत्करले. जेम्स केलर या कॅथलिक धर्मगुरूच्या विचारांमुळे लोकसंपर्काच्या साधनांचा समाजहितासाठी उपयोग करता येईल, ही कल्पना तिच्या मनात रुजली. १९५३ मध्ये ती न्यूयॉर्कला आली व काही वर्षे व्यापारी दूरचित्रवाणीच्या प्रसिद्धिविभागात होती.

अमेरिकेत १९५२ मध्ये २४२ वाहिन्या अव्यापारी शैक्षणिक प्रसारणासाठी राखून ठेवण्यात आल्या होत्या. परंतु या केंद्रांपाशी पैसा अपुरा असे व त्यांचे पुष्कळसे कार्यक्रम वर्गातील व्याख्यानांसारखे नीरस होत. न्यूयॉर्कमध्ये असे केंद्र १९६२ मध्ये सुरू झाले, तेव्हा कूनी तेथे निर्माती म्हणून रुजू झाली. हार्लेममधील गरीब बालकांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या प्रयोगावर तिने अनुबोधपट तयार केला. या मुलांचे मागासलेपण शाळेत जाण्यापूर्वीच सुरू होते, ही जाणीव तिच्या पुढील कार्यास कारणीभूत ठरली.

१९६६ मध्ये कार्नेगी निगमातील मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉरिसेट याच्याशी तिच्या घरी झालेल्या चर्चेतून दूरचित्रवाणीने बालकांना शिकविता येईल काय, हा प्रश्न पुढे आला. निगमाच्या वतीने तिने तज्ञांच्या मुलाखती घेऊन त्याच वर्षी अहवाल सादर केला. जाहिरातींतील आटोपशीरपणा, गती, संगीत व पुनरावृत्ती ही तंत्रे अक्षरे आणि अंक शिकविण्यासाठी वापरावीत, असे तिचे मत होते. १९६८ मध्ये संघशासन, कार्नेगी निगम, फोर्ड प्रतिष्ठान इत्यादींच्या सु. ८० लाख डॉलरांच्या साहाय्याने 'चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप' ही संस्था स्थापन झाली. एवढा मोठा प्रकल्प स्त्रीकडे सोपवावा की नाही, याविषयी मतभेद होते. दुय्यम पद स्वीकारण्यास तिने नकार दिला व अखेरीस तीच कार्यकारी संचालिका झाली.

निर्माते, शिक्षणतज्ञ व संशोधक यांना समान स्थान देणे, हे तिच्या संघटनपद्धतीचे वैशिष्ट्य होय. हार्व्हर्डच्या जेराल्ड लेसरने अभ्यासक्रमाची उद्दिष्टे ठरविली, तर एडवर्ड पामरने प्रत्येक प्रसंगाच्या वेळी बालकांचे लक्ष किती टिकते, याची मोजणी केली. वास्तव व कल्पित यांची सरमिसळ करू नये, या तज्ञांच्या सल्ल्यानुसार रस्त्यावरील प्रसंगांतून जिम हेन्सनच्या बाहुल्या वगळल्या होत्या. १९६९ च्या उन्हाळ्यातील चाचणीत नेमक्या त्याच प्रसंगांकडे मुलांनी दुर्लक्ष केले. तेव्हा तो सल्ला बाजूस सारून रस्त्यावरच राहणारी नवी पात्रे निर्माण करण्यात आली. १० नोव्हेंबर १९६९ रोजी प्रसारण सुरू झाले. श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय एकाच वस्तीत राहताना दाखविल्यामुळे मिसिसिपीच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी आयोगाने १९७० मध्ये हा कार्यक्रम नाकारला. मात्र टीकेमुळे काही आठवड्यांतच तो निर्णय फिरवावा लागला.

अधिक वेळ कार्यक्रम पाहणारी मुले अधिक शिकतात, असा निष्कर्ष १९७० च्या मूल्यमापनातून निघाला. टॉमस कुक व त्याचे सहकारी यांनी १९७५ मध्ये यावर महत्त्वाचा आक्षेप घेतला : सुस्थितीतील मुलेही तोच कार्यक्रम पाहत असल्यामुळे गरीब व सधन यांच्यातील अंतर घटण्याऐवजी वाढण्याचा संभव होता. मूळ हेतूलाच भिडणारा हा वाद दीर्घकाळ चालला. २०१५ मध्ये मेलिसा कर्नी व फिलिप लेव्हाइन यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जेथे प्रक्षेपण चांगले पोहोचत होते तेथील मुले वयानुरूप इयत्तेत असण्याचे प्रमाण अधिक आढळले.

वाचन शिकविणारी 'द इलेक्ट्रिक कंपनी' (१९७१) ही मालिकाही तिच्याच कारकीर्दीत निघाली. शासकीय अनुदान आटल्यावर खेळणी, पुस्तके इत्यादींच्या हक्कशुल्कातून संस्था टिकविणे, ही तिची प्रशासकीय कामगिरी मानली जाते. १९९० मध्ये ती प्रमुखपदावरून निवृत्त झाली. १९९५ मध्ये तिला राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. कार्यक्रमाच्या अनेक देशी आवृत्त्या निघाल्या. 'गली गली सिम सिम' ही हिंदी आवृत्ती भारतात २००६ मध्ये सुरू झाली.