हायड्रॉलिक क्लचचे फ्लुइड आणि हवा काढण्याची रीत

मोटरसायकलचा क्लच दाबण्याचे काम इतिहासात बहुतांश काळ तारेनेच केले आहे. लवचिक नळीतून सरकणाऱ्या पोलादी तारेची ही युक्ती अर्नेस्ट बोडेन यांच्या नावे १८९६ मध्ये पेटंट झाली आणि आधी सायकलीच्या ब्रेकमध्ये रुळली. तार स्वस्त आणि हलकी असते, तुटली तर रस्त्याच्या कडेलाही बदलता येते. पण ती ताणते, आतून गंजते, तिचे धागे एकेक करून उसवतात, आणि क्लच प्लेटा झिजतील तसा लिव्हरचा प्ले पुन्हा बसवावा लागतो. इंजिने मोठी झाली, क्लचच्या स्प्रिंगा जड झाल्या, तेव्हा मोटारींच्या ब्रेकमधली द्रवदाबाची युक्ती मोटरसायकलच्या क्लचमध्ये आली.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा ब्लेझ पास्कलचा सतराव्या शतकातला सिद्धांत. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्यावर आधारित प्रेसचे पेटंट घेतले. वाहनाच्या ब्रेकला तो जोडला माल्कम लॉकहीड या अमेरिकन कारागिराने. त्याचे पेटंट १९१७ चे, आणि चारही चाकांना असे ब्रेक घेऊन १९२१ मध्ये विक्रीला आलेली पहिली मोटार ड्यूसेनबर्गची. या ब्रेकमधल्या चामड्याच्या सीलमधून द्रव पाझरत असे. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी १९२४ च्या गाडीसाठी तिथे रबराचे कप बसवले, आणि ही यंत्रणा खऱ्या अर्थाने वापरायोग्य झाली.

रबर आल्यामुळे मात्र आत कोणता द्रव भरायचा हा प्रश्न अवघड झाला. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगून खराब होते. एरंडेल रबराला सोसते, म्हणून ते अल्कोहोलमध्ये मिसळून वापरले जाऊ लागले. पण साधे अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते. घाटात ब्रेक तापले की नळीत वाफ होई. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पेडल सरळ फळीला टेके. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लायकॉल ईथरवर आधारलेले द्रव सर्वत्र पसरले. ते रबराला चालत, थंडीत घट्ट होत नसत आणि २०० अंशांच्या पुढे उकळत. पण त्यांचा एक दोष मोठा आहे: ते हवेतला ओलावा शोषून घेतात. क्लचचे फ्लुइड ठरावीक काळाने बदलण्याची सगळी प्रथा या एका दोषातून जन्मली.

अमेरिकेच्या वाहतूक खात्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या द्रवांना मानके लावली. डॉट ३, डॉट ४ ही नावे त्या खात्याच्या आद्याक्षरांवरून आलेली. मानकात प्रत्येक द्रवाचे दोन उत्कलनबिंदू दिलेले असतात. नव्या डॉट ४ चा किमान २३० अंश आहे, तर सुमारे ३.७ टक्के पाणी शोषलेल्या डॉट ४ चा १५५. डब्यातले फ्लुइड आणि दोन-तीन पावसाळे पाहिलेले फ्लुइड यांतला फरक या दोन आकड्यांत दिसतो.

पाणी न शोषणारा द्रव वापरायचे प्रयत्नही झाले. सित्रोएनने १९५५ च्या डीएस मोटारीत आधी पाणी शोषणारा द्रव वापरला, गंजाने बेजार होऊन १९६० च्या दशकात हिरवे खनिज तेल आणले आणि त्यासाठी सगळे सील बदलले. सिलिकॉनचे डॉट ५ पाण्याला जवळ करत नाही, रंगही खराब करत नाही. पण आत शिरलेले पाणी मग विरघळत नाही; थेंब बनून सर्वांत खालच्या कोपऱ्यात साचते आणि तिथेच धातू खाते. सिलिकॉन हवाही जास्त धरून ठेवते, त्यामुळे लिव्हर मऊ लागते. हार्ले-डेव्हिडसनने अनेक वर्षे डॉट ५ वापरले आणि २००० नंतरच्या दशकात डॉट ४ स्वीकारले. सारा विचार करता ग्लायकॉलची निवड योग्यच ठरली: पाणी द्रवात विरघळून राहते आणि जुन्या द्रवाबरोबर बाहेर काढता येते.

मोटरसायकलवर द्रवदाब आधी ब्रेकमध्ये आला. हार्लेच्या १९५८ च्या ड्युओ-ग्लाइडला मागचा हायड्रॉलिक ब्रेक होता. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने पुढची डिस्क आणि हँडलवरची फ्लुइडची डबी मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आणली. डाव्या हँडलवर तशीच दुसरी डबी, क्लचसाठीची, १९८० च्या दशकात दिसू लागली: १९८२ ची होंडा व्हीएफ ७५०, १९८४ ची कावासाकी जीपीझेड ९००आर, १९८५ ची यामाहा व्ही-मॅक्स. लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरमधून द्रव नळीने खाली इंजिनाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरकडे जातो, त्याचा पिस्टन दांडी ढकलतो आणि प्लेटा सुटतात. प्लेटा झिजल्या तर पिस्टन आपोआप थोडा मागे बसतो, म्हणून प्ले बसवावा लागत नाही. त्यामुळेच क्लचच्या डबीतली पातळी झिजेबरोबर किंचित वर चढते. ब्रेकच्या डबीत नेमके उलट होते.

वाफेसारखीच हवाही दाबली जाते, म्हणून नळीत शिरलेली हवा काढावी लागते. ही हवा काढण्याची रीत मोटारीच्या गॅरेजातून आली. महाराष्ट्रात कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या ब्रेकवर मेकॅनिकांच्या पिढ्या हे काम शिकल्या. मोटारीत त्याला दोन माणसे लागत: एक आत बसून पेडल दाबणार, दुसरा चाकामागे आडवा होऊन निपल, म्हणजे द्रव व हवा बाहेर सोडणारा पोकळ स्क्रू, सोडणार. मोटरसायकलवर लिव्हर डाव्या हाताशी, स्लेव्ह सिलिंडरही बहुधा त्याच बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटजवळ. दोन्ही एकट्याच्या आवाक्यात असल्यामुळे हे काम घरच्या अंगणात येऊ शकले.

रीत तीच राहिली. हँडल वळवून डबी समपातळीत आणायची, टाकीवर ओले फडके पसरायचे, झाकण व रबरी पडदा काढून जुने फ्लुइड पिचकारीने ओढायचे आणि ताजे भरायचे. निपलला पाना लावून त्यावर पारदर्शक नळी चढवायची, तिचे दुसरे टोक बाटलीत सोडायचे. लिव्हर दाबून धरायची, निपल पाव फेरा सोडायचा, द्रव वाहिला की निपल आवळायचा आणि मगच लिव्हर सोडायची. हा क्रम चुकला की हवा परत आत ओढली जाते. डबी कधीही रिकामी होऊ द्यायची नसते. इंजिनाच्या उष्णतेने आणि रबर-धातूच्या कणांनी काळपटलेला द्रव जाऊन नळीत स्वच्छ, बिनबुडबुड्यांचा द्रव दिसला की काम झाले. स्लेव्हचा पिस्टन थोडासाच सरकतो, म्हणून इथे चिमूटभर हवाही पुरते: प्लेटा पूर्ण सुटत नाहीत, गाडी गिअरमध्ये ओढते, न्यूट्रल सापडत नाही. नळीच्या वरच्या जोडाशी अडकलेले बुडबुडे लिव्हर हलक्या हाताने वारंवार दाबल्याने डबीत येतात. काही मेकॅनिक लिव्हर रात्रभर बांधूनही ठेवतात. सांडलेले फ्लुइड रंग उडवते, पण ते पाण्यात विरघळते, म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

अनेक होंडा गाड्यांच्या पुस्तिकेत हे फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलण्यास सांगितले आहे. कोकणासारख्या दमट हवेत त्याहून जास्त थांबू नये.

भारतात १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर यांच्या पिढीने डिस्क ब्रेक घरोघरी नेला, क्लच मात्र तारेचाच राहिला. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचाही तसाच. पुढे प्लेटा दाबून धरायला इंजिनाच्याच ओढीची मदत घेणाऱ्या स्लिपर-असिस्ट क्लचमुळे हलक्या स्प्रिंगा पुरू लागल्या, आणि होंडाने २००८ च्या सीबीआर १०००आरआरला पुन्हा तार दिली. मोठ्या युरोपीय गाड्यांत द्रव टिकून आहे. त्यांत बीएमडब्ल्यूच्या आर १२००जीएससारख्या काही गाड्यांच्या क्लचमध्ये डॉट ४ नव्हे, खनिज तेल असते. एकाच्या जागी दुसरे ओतले तर सील फुगून निकामी होतात. डबीच्या झाकणावर जे लिहिले असेल, त्याखेरीज दुसरे काहीही त्यात घालू नये.