केप ट्रिब्युलेशन: रस्ता झाला, तरी जंगल वाचलं

आजची गोष्ट आहे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. तिथे ईशान्य किनाऱ्यावर डेंट्री नावाचं वर्षावन आहे. त्याचे फोटो तुम्ही रील्समध्ये पाहिलेही असतील. पांढरी वाळू, समोर निळा समुद्र आणि मागे थेट डोंगरावर चढत गेलेलं हिरवंगार जंगल. कॅप्शन ठरलेलं असतं, 'मानवाचा स्पर्श न झालेला स्वर्ग'. मला या कॅप्शनशीच भांडायचंय. हा स्वर्ग माणसांनीच जपला, माणसांनीच विकायला काढला आणि माणसांनीच वाचवला.

सुरुवात नावापासून करूया. जून १७७० मध्ये जेम्स कुकचं 'एन्डेव्हर' हे जहाज इथल्या प्रवाळखडकावर रात्री आपटलं. जहाज हलकं करायला तोफासुद्धा समुद्रात फेकाव्या लागल्या. या संकटाची आठवण म्हणून कुकने जवळच्या भूशिराला नाव दिलं 'केप ट्रिब्युलेशन', म्हणजे संकटाचं टोक. पण त्या जागेला नाव आधीपासूनच होतं, कुल्की. ते दिलं होतं कुकू यलंजी लोकांनी. ते हजारो वर्षं इथे राहत होते. कुठलं फळ विषारी, ते कसं भिजवून, भाजून खायचं, हे सगळं त्यांना पाठ होतं.

एकोणिसाव्या शतकात गोरे लोक आले ते लाल देवदाराच्या लाकडासाठी. मग जंगल साफ करून ऊस आणि गुरं आली. यात काय काय गेलं, याचा अंदाज एका किश्श्यावरून येतो. १९७१ मध्ये डेंट्री भागात एका शेतकऱ्याची गुरं अचानक मेली. त्यांच्या पोटात मोठाल्या बिया सापडल्या. त्या निघाल्या इडिओस्पर्मम नावाच्या झाडाच्या. फुलझाडांच्या अतिप्राचीन कुळातलं हे झाड नामशेष झालं, असंच शास्त्रज्ञ धरून चालले होते!

आता मुख्य प्रकरण. १९८१ मध्ये केप ट्रिब्युलेशन राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच सुमारास नदीच्या उत्तरेला जंगलाचे हजाराहून जास्त प्लॉट पाडून विक्रीला निघाले. कोकणातल्या 'सी-व्ह्यू' प्लॉटच्या जाहिराती आठवल्या ना? प्लॉट आले की मागोमाग रस्ता येतोच. डग्लस शायर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, केप ट्रिब्युलेशनपासून उत्तरेला ब्लूमफील्डपर्यंत जंगलातून रस्ता काढायचं ठरवलं. राज्य सरकार पाठीशी होतं. आणि खरं सांगायचं तर रस्ता हवा असणारे स्थानिक लोकही होते. दळणवळण हवंच की.

डिसेंबर १९८३ मध्ये बुलडोझर आले. समोर आंदोलक उभे राहिले. काहींनी झाडांवर मुक्काम ठोकला, काहींनी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं, काहींनी तर रस्त्यातच गळ्यापर्यंत पुरून घेतलं! त्यांचं म्हणणं होतं की उतार तीव्र आहेत, पाऊस धो धो पडतो, मोकळी झालेली माती वाहून थेट खालच्या प्रवाळावर बसेल. अटका झाल्या. पावसाळ्यात काम थांबलं, १९८४ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि रस्ता पूर्ण झाला.

म्हणजे आंदोलक हरले. पण त्या चित्रांनी देश हलला. कालपर्यंत कोपऱ्यातलं असलेलं हे जंगल आता राष्ट्रीय प्रश्न झालं. अखेर १९८८ मध्ये केंद्रातल्या हॉक सरकारने राज्याचा विरोध असताना 'वेट ट्रॉपिक्स'चं सुमारे ९,००० चौरस किलोमीटर क्षेत्र जागतिक वारसा यादीत नेलं. तिथली लाकूडतोड बंद झाली. लाकूड गिरण्यांतल्या कामगारांच्या पोटावर पाय आला, हेही विसरून चालणार नाही. पुढे सरकारने आणि संस्थांनी ते विकलेले प्लॉट एकेक करून परत विकत घ्यायला सुरुवात केली. विकायला थोडी वर्षं पुरली, परत घ्यायला दशकं लागतायत.

आज पर्यटक इथे येतात ते कॅसोवरी बघायला. माणसाएवढा उंच, न उडणारा, निळ्या मानेचा हा पक्षी जंगलातली फळं अख्खी गिळतो आणि बिया दूरवर टाकतो. तो गेला तर कित्येक मोठ्या बियांच्या झाडांचा प्रसारच अडेल. रस्त्यांवर त्याच्यासाठी 'सावकाश चालवा' अशा पाट्या आहेत, कारण वेगातली गाडी हा त्याचा मोठा शत्रू. किनारा सुंदर आहे, पण मनात येईल तिथे पोहायची सोय नाही. खाडीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी, आणि साधारण नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी जेलीफिश. डेंट्री नदीवर इथे आजही पूल नाही. गाडी तारेवर ओढल्या जाणाऱ्या फेरीबोटीतून पलीकडे न्यायची.

आणि कुकू यलंजी? १९८८ च्या विजयात त्यांचा आवाज फारसा कोणी ऐकला नव्हता. जंगल वाचवणाऱ्यांनीही ते 'निर्मनुष्य' म्हणूनच दाखवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये डेंट्रीसह चार राष्ट्रीय उद्यानांची १,६०,००० हेक्टरहून जास्त जमीन ईस्टर्न कुकू यलंजी लोकांच्या मालकीची झाली. आता ते आणि राज्य सरकार मिळून कारभार बघतात.

म्हणून त्या कॅप्शनशी माझं भांडण. 'स्पर्श न झालेलं' म्हटलं की तिथे राहणारे पुसले जातात, आणि गळ्यापर्यंत मातीत उभे राहिलेलेही. आपल्या किनाऱ्यावर असा रस्ता, असे प्लॉट आले तर कोण काय म्हणतंय, हे दोन्ही बाजूंनी नीट ऐका. तुमच्या गावाजवळ असं काही घडत असेल तर मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!