आयजीएफ-१ आणि यकृत

आयजीएफ-१ हे इन्सुलिनशी रचनासाधर्म्य असलेले वाढ-घटक प्रथिन. रक्तात फिरणारे बहुतेक आयजीएफ-१ यकृतात तयार होते आणि तिथल्या जनुकाला मुख्य चालना मिळते ती पीयूषिका ग्रंथीच्या वृद्धी संप्रेरकाकडून. हे संप्रेरक यकृतपेशीवरील ग्राहीला जोडले गेले की जॅक-२ हे विकर जागे होते व स्टॅट-५बी या प्रथिनावर फॉस्फेट चढवते. मग स्टॅटच्या जोड्या केंद्रकात शिरून डीएनएवरच्या ठरावीक जागा धरतात आणि जनुकाचे वाचन वाढते. मात्र नुसत्या वृद्धी संप्रेरकाने भागत नाही. ग्राही पुरेशा संख्येने टिकायला इन्सुलिन लागते. त्यामुळे उपासमारीत किंवा उपचाराविना राहिलेल्या टाइप-१ मधुमेहात वृद्धी संप्रेरक वाढलेले, पण आयजीएफ-१ घटलेले, असे वरकरणी उलटे चित्र दिसते. १९६६ साली वर्णिलेल्या लॅरॉन विकारात तर ग्राहीच सदोष असते आणि उंची खुंटते. यकृताला सगळे श्रेय देणेही चुकीचेच. १९९९ मध्ये फक्त यकृतातले हे जनुक काढलेल्या उंदरांत रक्तातील पातळी सुमारे ७५ टक्क्यांनी उतरली, तरी उंदीर जवळजवळ नेहमीसारखेच वाढले. हाडांसारख्या ऊती आपल्यापुरते आयजीएफ-१ स्वतःच बनवतात.