केशकर्तनालयातील ग्राहक : नाशिकमधील अनुभव आणि कायदा

नाशिकमध्ये केस कापण्याची दोन ठिकाणे एकमेकांपासून काही किलोमीटरवरच आहेत. पण ती दोन निराळ्या युगांतली वाटतात. एक ठिकाण रामकुंडाचे. दशक्रियेसाठी आलेल्या आप्तांचे क्षौर तिथे आजही घाटाच्या पायरीवर, उघड्यावर होते. गिऱ्हाईक शोकात असते. दर विचारण्याच्या मनःस्थितीत ते नसते. दुसरे ठिकाण कॉलेज रोड अथवा गंगापूर रोडवरील वातानुकूलित सलूनचे. तिथे आगतस्वागत होते, पाण्याचा पेला पुढे येतो, आणि त्या अगत्याच्या भिडेपोटी दर विचारायचा राहून जातो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच असते. गळ्याभोवती कापड बांधले गेले, की माणूस हलायचे थांबतो. धार दुसऱ्याच्या हातात असते आणि मान आपली.

ग्राहकांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या क्षणात असते. प्रस्तुत लेखकालाही शहरातील एका सलूनमध्ये याचा अनुभव आला. साधी कटिंग करून घ्यायची होती. कारागिराने टाळू कोरडी पडल्याचे सांगितले, काहीतरी लावले, मग चेहऱ्यालाही काही लावले. प्रत्येक वेळी मान डोलावली गेली, ती संमती म्हणून की वस्तऱ्याच्या धाकाने, हे आज सांगता येणार नाही. बिल मात्र कटिंगच्या तिप्पट झाले.

केस कापून घेणारा माणूस 'ग्राहक' झाला, हीदेखील फार जुनी गोष्ट नाही. गावगाड्यात नाभिक हा बलुतेदार होता. वर्षभर घरोघरी सेवा करायची आणि सुगीत धान्याचा वाटा घ्यायचा, असा तो व्यवहार होता. त्यात दर नव्हता, निवड नव्हती आणि तक्रारीला जागाही नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीला ही सेवा मिळतच नसे. उलट, उच्चवर्णीय घरांतील विधवांवर ती त्यांच्या इच्छेविरुद्ध लादली जाई. या दुसऱ्या अन्यायाला नकार दिला तो कारागिरांनीच. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. आपल्या धंद्याचे उत्पन्न बुडवून गिऱ्हाइकाची बाजू घेतल्याची अशी उदाहरणे कोणत्याही व्यवसायात विरळाच सापडतील.

पहिल्या अन्यायाचे निराकरण व्हायला आणखी काळ जावा लागला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकमध्ये काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो मंदिराच्या दारापाशी असला, तरी प्रश्न सार्वजनिक जीवनातील प्रत्येक दाराचा होता. पुढे नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत 'दुकान' या शब्दाच्या व्याप्तीवर चर्चा झाली, तेव्हा आंबेडकरांनी त्याचा अर्थ व्यापक लावला. जिथे मालक आपली सेवा येणाऱ्या कोणालाही देण्यास तयार असतो ते दुकान. आणि हक्क केवळ आत पाऊल टाकण्याचा नव्हे, तर अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचाही, असे त्यांचे विवेचन होते. सलून या अर्थात सहज बसते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा दंडनीय अपराध ठरविला आहे.

आता आजच्या खुर्चीकडे वळू. शहरी ग्राहकाला बिघडलेल्या कटिंगची चिंता अधिक असते. खरे तर तिची चिंता सर्वांत कमी करावी, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. ब्लेडची गोष्ट निराळी आहे. दाढी करताना त्वचेवर न दिसणारे ओरखडे उठतात आणि एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. 'हिपॅटायटिस बी'चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. जंतुनाशकाच्या पेल्यात वस्तरा क्षणभर बुडवून काढल्याने तो निर्जंतुक होत नाही. ब्लेड बदलले जाते ते आपल्या डोळ्यांदेखत, नव्या पाकिटातून, एवढेच पाहावे. नाशिकमधील लहान दुकानांतूनही हा नेम आता बराच रुळला आहे. तुरटीच्या खड्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. तोच ओला खडा दिवसभर दहा जणांच्या ताज्या दाढीवरून फिरतो! तो नको म्हणावे, किंवा आपला खडा खिशात न्यावा. कारागीर हसेल, पण हरकत घेणार नाही. जून २०२०च्या अखेरीस, टाळेबंदीनंतर महाराष्ट्रातील सलून उघडली तेव्हा सुरुवातीला कटिंगला परवानगी होती, दाढीला नव्हती. प्रत्येक ग्राहकानंतर खुर्ची निर्जंतुक करणे आणि एकदाच वापरायचे टॉवेल देणे बंधनकारक होते. ती सक्ती गेली आणि तिच्याबरोबर पुष्कळ ठिकाणी तो टॉवेलही गेला.

केस रंगविण्याचा धोका वेगळ्या जातीचा आहे. काळ्या रंगांत बहुधा 'पीपीडी' या नावाने ओळखले जाणारे रसायन असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी असते. टाळू भाजल्यासारखी होते, डोळे सुजतात. वर्षानुवर्षे तोच रंग लावणाऱ्यालाही ही ॲलर्जी एखाद्या वेळी अचानक उद्भवते. म्हणून कानामागे थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहावी, असा सल्ला दिला जातो. भारतात हेअर डायच्या वेष्टनावर अशा पूर्वचाचणीची सूचना छापणे नियमाने आवश्यक आहे. अडचण एवढीच, की सलूनमध्ये वेष्टन ग्राहकाच्या हाती पडत नाही. त्याला दिसते ती वाटी आणि ब्रश. खोका दाखवा, असे म्हणण्यात काहीही गैर नाही.

केस सरळ करण्याच्या प्रयोगांत याहून अधिक सावध असावे. 'केराटिन' या सोज्वळ नावाखाली वापरल्या जाणाऱ्या काही द्रावणांतून उष्णतेने फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला मानवी कर्करोगास कारणीभूत पदार्थांत गणले. त्याला पर्याय म्हणून ग्लायऑक्झिलिक आम्लाची द्रावणे आली, तर २०२४ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी एका तरुणीच्या मूत्रपिंडांना अशा उपचारानंतर वारंवार इजा झाल्याचे नोंदविले. यंत्र फिरताना डोळे चुरचुरू लागले, तर काम तिथेच थांबवावे. दिवसभर त्याच धुरात उभ्या राहणाऱ्या कारागीर मुलीचे काय होत असेल, हा विचार तेव्हा सुचला तर बरेच.

आणि मान! चंपीनंतर मान कडकन मोडून देणे ही आपल्याकडची हौसेची सेवा. पण मानेतील रक्तवाहिन्या आणि नसा अशा झटक्यासाठी घडलेल्या नाहीत. केस धुताना बेसिनच्या कडेवर मान फार मागे टाकल्याने पक्षाघात झालेल्या स्त्रियांची नोंद अमेरिकेतील एका मेंदुविकारतज्ज्ञाने १९९३ साली केली होती. असे प्रसंग दुर्मीळ आहेत, हे खरे. तरीही मानेखाली घडी केलेला टॉवेल मागावा आणि कडकड आवाजाचा मोह सोडावा.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनसेवेवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. आणि ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्या दुकानाला हा कर आकारता येत नाही; बिलावर नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. वर्षभराची आगाऊ 'पॅकेजे' घेताना तर बिलाशिवाय पैसे देऊच नयेत.

नुकसान झालेच, तर पुरावा लवकर नाहीसा होतो. केस वाढतात, सूज उतरते, वाटी धुतली जाते. याचे महत्त्व दिल्लीतील एका गाजलेल्या प्रकरणाने दाखवून दिले. एप्रिल २०१८ मध्ये एका तारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये सूचनेविरुद्ध फार आखूड केस कापले गेल्याची तक्रार एका महिलेने केली. राष्ट्रीय आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये तिला तब्बल २ कोटी रुपये भरपाई मंजूर केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली. सेवेत त्रुटी होती हे मान्य. पण एवढ्या नुकसानीचा पुरावा काय, असा न्यायालयाचा प्रश्न होता. आयोगाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये तीच रक्कम पुन्हा मंजूर केली आणि वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. नाशिकच्या ग्राहकाने यातून कोट्यवधींचे स्वप्न घेऊ नये. त्याच दिवशीची छायाचित्रे, बिल, डॉक्टरांचा तारखेसह कागद आणि सलूनला पाठविलेला लेखी संदेश, एवढे जपले तरी बाजू भक्कम होते.

प्रथम सलूनच्या मालकाशी बोलावे. लहान दुकानात प्रकरण बहुधा तिथेच मिटते, कारण कारागिराला गल्लीतील गिऱ्हाईक तोडायचे नसते. मोठ्या साखळीत व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्यावी. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तिथे शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. सलून पुण्या-मुंबईचे असले, तरी नाशिकला राहणाऱ्याला नाशिकच्याच आयोगाकडे जाता येते. ऑनलाइन तक्रारीसाठी 'ई-जागृती' हे पोर्टल आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. घाटाच्या पायरीवर रोख पैसे देऊन उठलेल्या गिऱ्हाइकालाही हाच कायदा आणि हीच मुदत लागू आहे.