टाकीवरचे नाव

जुलैच्या दुसऱ्या रविवारी ठिकठिकाणचे जावा-येझदीवाले जुन्या मोटारसायकली बाहेर काढतात. अशाच एका मेळाव्यात खोपोलीला कर्जतचे, पासष्टी ओलांडलेले एक गृहस्थ भेटले. म्हणाले, “अडुसष्ट साली वडील मला येझदीवर बसवून बोरघाट चढले. शिंग्रोबाला नाणे वाहिले.”

मी टोकले. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून गाड्या काढल्या, पण येझदी हे नाव १९७३चे. त्याआधी टाकीवर ‘जावा’च असे. गृहस्थ गप्प झाले. मग त्यांनी पाय उचलून किक मारल्याचा अभिनय केला आणि तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकला. किक आणि गिअरला एकच दांडा ही या गाड्यांची खासियत. पायाला गाडी नेमकी आठवत होती! पुढे घरात येझदी आली आणि तिचे नाव आधीच्या गाडीलाही चिकटले, इतकेच.

घाटाचा रस्ता १८३०चा, याची नोंद कागदोपत्री आहे. घाटाची वाट दाखवणारा धनगर शिंग्रोबा मात्र लोकांच्या तोंडीच टिकला. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी, त्यामुळे पुण्याकडे निघालेली जावा आजही खालापूर-खोपोलीवरून, त्याच्याच देवळासमोरून वर जाते. या गाड्यांच्या आठवणी टिपताना तारखा जरूर तपासाव्यात. पण चूक सापडली म्हणून आठवण खोडू नये; ती का झाली, तेही लिहावे. त्या दिवशी मी आधी टोकले आणि नंतर ऐकले. क्रम उलटा हवा होता.