फाईल गेली कुठे? 'कुठे ठेवायचं' या प्रश्नाची साठ वर्षं

हॉल तिकिटाची पीडीएफ डाउनलोड तर झाली, पण गेली कुठे? ही शोधाशोध आपण सगळ्यांनीच केली आहे. पण तिथे शोधायला निदान आपण असतो. रात्री दोन वाजता मशीन आपोआप शंभर कागदपत्रं तयार करतंय, तेव्हा ती कुठे ठेवायची हे त्याला कोण सांगणार? आजचा भाग याच प्रश्नाच्या इतिहासावर.

चला १९६४ मध्ये. आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तेव्हा काम द्यायचं म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे सोपवायचा आणि निघून जायचं. त्या गठ्ठ्यात 'डीडी' कार्डं असायची. प्रोग्रॅमला फक्त एक टोपणनाव माहीत. ते नाव म्हणजे प्रिंटर, टेप की डिस्क, हे कार्ड ठरवायचं. जागा बदलायची? कार्ड बदला, प्रोग्रॅमला हात लावू नका.

आता गंमत बघा. त्याच कार्डावर तीन उत्तरं देता यायची. फाईल नवी की जुनी? काम नीट संपलं तर तिचं काय करायचं? आणि काम मध्येच कोलमडलं तर? हा तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. कारण अर्धवट फाईल मागे राहिली, तर सकाळी कुणीतरी ती पूर्ण समजून पुढे पाठवणार! ही कार्डांची भाषा इतकी किचकट होती, की या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स यांनीच पुढे तिच्यावर सडकून टीका केली. पण विचारलेले प्रश्न बरोबर होते.

मग १९७१. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स नवं नवं होतं, आणि तिथल्या पेटंट विभागाचे टंकलेखक त्यावर अर्ज तयार करत होते. युनिक्सने जागा सांगणं एका चिन्हावर आणलं: गणितातलं 'पेक्षा मोठं'. चिन्हापुढे फाईलचं नाव लिहा, झालं काम. सोपं, पण धोक्याचं! त्या नावाची फाईल आधीच असेल, तर कमांड सुरू होण्याआधीच ती रिकामी होते. ना विचारणं, ना इशारा. म्हणून पुढे बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये 'नोक्लॉबर' ही सोय आली: जुन्या फाईलवर परस्पर लिहायचं नाही.

आता म्हणाल, हे सगळं जुनं झालं. बरं, २००८ मध्ये आलेलं जेकिल घ्या. साध्या मजकुरातून आख्खी वेबसाईट बनवणारं साधन. त्याला आउटपुटचं फोल्डर सांगता येतं, आणि प्रत्येक वेळी साईट बनवताना ते फोल्डर आपोआप साफ होतं. तुमचे मूळ फोटो चुकून तिथेच ठेवले असतील, तर तेही गेले.

म्हणजे साधनं बदलली, प्रश्न तोच राहिला. माणूस समोर असला की तो विचारतो, 'अहो, इथे आधीच काहीतरी आहे, पुसू का?' आपोआप चालणारं काम विचारत नाही. त्यामुळे उत्तर आधीच लिहून ठेवावं लागतं. मूळ मजकूर एका फोल्डरमध्ये, आउटपुट दुसऱ्यात. फाईल आधी तात्पुरत्या नावाने बनवा, पूर्ण झाली की मगच खरं नाव द्या. आणि काम मध्येच बंद पडलं तर काय, हे झोपायला जाण्याआधी ठरवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर तुमचं डाउनलोड फोल्डर एकदा उघडून बघाच!